जन्मापासूनची गाठ

फोन आला तेव्हा देओलिंदा फुर्तादो खालच्या मजल्यावरच्या बाईची नवी पँट चार बोटं आखूड करून देत होती, आणि तोंडात दोन टाचण्या होत्या म्हणून तिचा पहिला "हॅलो" नीट उमटलाच नाही. पलीकडून इल्दा म्हणाली, "आई, मी बोलतेय. घाईत आहेस?" आणि एवढ्यावरच देओलिंदानं पँट मांडीवर ठेवली, कारण तिच्या मुलीचा फोन मंगळवारी सकाळी कधी यायचा नाही. तो महिन्याच्या पहिल्या रविवारी, चर्चमधली मिस्सा आटोपली की यायचा. हवापाण्याची चौकशी, गुडघ्यांची चौकशी, आणि चार मिनिटांत "बरं, ठेवते". इल्दा एक्केचाळीस वर्षांची होती. प्रॉव्हिडन्सच्या कोर्टात दुभाषी होती, एकटी राहत होती, आणि आईच्या फॉल रिव्हरपासून तिचं घर बसनं पाऊण तासावर होतं. "तपासणीत माझ्या पोटात काहीतरी निघालंय," इल्दा म्हणाली, "कॅन्सर नाही, आधीच सांगते, घाबरू नकोस. गाठ आहे. म्हणजे पाण्याच्या पिशव्या आहेत, आणि मोठ्या आहेत. त्या जन्मापासूनच असणार असं डॉक्टरीण म्हणते. तिला माझी जुनी माहिती हवीय. मी लहान असताना, किंवा नंतर, सोळा-सतरा वर्षांची असताना, माझं पोट कधी फुगलं होतं का? तुझ्या काही लक्षात आहे?" देओलिंदानं टाचण्या तोंडातून काढून टेबलावर ठेवल्या. खिडकीबाहेर बंद पडलेल्या गिरणीची काळी दगडी भिंत होती, तिच्यावर ऑक्टोबरचं ऊन पडलं होतं. "आठवत नाही गं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांपूर्वीचं." इल्दा म्हणाली, "ठीक आहे. तसं सांगते तिला," आणि फोन ठेवला.

आठवत नाही असं तिनं म्हटलं, आणि तिला तारीख आठवत होती. त्र्याण्णव सालचा एप्रिल, ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, पाम संडेच्या आदल्या दिवशीची दुपार. कोटांच्या फॅक्टरीत शनिवारी अर्धा दिवस असायचा. घरी येऊन तिनं हात धुतले आणि पांढरं साटिन टेबलावर पसरलं. त्या वर्षी पवित्र आत्म्याच्या सणाला मिरवणुकीत मुकुट घालून चालायचा मान इल्दाला मिळाला होता. सोळा वर्षांची राणी, पांढरा झगा, खांद्यावरून मागे लोळणारा लाल मखमलीचा शेला, त्याचं टोक धरायला दोन लहान मुली. समुद्रापलीकडच्या साओ मिगेल बेटावरून इथं आलेल्या त्यांच्यासारख्या माणसांना या मानाचं काय मोल होतं ते दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही. नवरा ओरासियो, आयुष्यात कधी मोठ्यानं बोलला नसेल असा माणूस, रंगाच्या कारखान्यात दिसेल त्याला थांबवून सांगत होता की आमची इल्दा यंदा राणी आहे. झग्याचं माप देओलिंदानं फेब्रुवारीच्या मध्याला घेतलं होतं, कंबर पंचवीस इंच. त्या शनिवारी झगा कच्चा टाचून तिनं इल्दाच्या अंगावर चढवला तर मागची बाजू मिळेना. ओढून बघितलं तरी मिळेना. टेप लावला. एकोणतीस. पुन्हा लावला. एकोणतीसच. मुलीच्या मनगटाची हाडं दिसत होती, गळ्याखाली खळगे होते, चेहरा उतरलेला होता, आणि पोट तेवढं पुढे आलेलं. वीस वर्षं देओलिंदा बायकांचे कोट शिवत होती. फॅक्टरीत शेजारच्या मशीनवर बसणाऱ्या बाईनं घरच्यांना सांगायच्या आत तिला कळायचं की हिला दिवस गेलेत. तिचा डोळा चुकत नाही असं सगळ्या म्हणायच्या. त्या नजरेनं तिनं आपल्या मुलीकडे पाहिलं आणि विचारलं, "कुणाचं आहे?"

इल्दाला प्रश्नच कळला नव्हता. "काय कुणाचं?" असं तिनं इतक्या साधेपणानं विचारलं की दुसरी कुणी आई असती तर तिथंच थांबली असती. पंचवीस वर्षांत हे वाक्य देओलिंदाच्या कानात किती वेळा वाजलं असेल. दर वेळी ती त्याला तिथंच गप्प करायची. आता मात्र, पँट मांडीवर तशीच टाकून बसलेली असताना, तिनं ते ऐकलं. काय कुणाचं? आणि मग कळल्यावर मुलीचा चेहरा कसा लाल झाला, मग कसा पांढरा पडला. "आई, मी काही केलं नाहीये. देवाशप्पथ. माझं पोट दुखतं अधूनमधून, जड वाटतं, मी सांगितलं होतं ना तुला." खरंच सांगितलं होतं. दोनदा तरी. देओलिंदानं एकदा बडीशेपेचं पाणी दिलं होतं आणि एकदा म्हणाली होती की गोड पाव कमी खात जा. त्या दुपारी ती म्हणाली, "खोटं बोलू नकोस. माझा टेप खोटं बोलत नाही." टेप खोटं बोलला नव्हता, हेही खरंच. इंच एकोणतीसच होते. चुकलं ते त्यापुढचं सगळं.

त्यापुढचं तिनं तीन दिवसांत उरकलं होतं. कामाचा उरक तिच्या हाताला होताच. सणाच्या मंडळाच्या बायकांना सांगितलं, इल्दाच्या छातीत कफ झालाय, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. डॉक्टरांना दाखवलं नव्हतं. गल्लीच्या टोकाला डॉक्टरांचा दवाखाना होता, आणि तिथं फायली सांभाळणारी बाई त्यांच्याच चर्चची. झग्याची शिवण उसवून तो, इल्दाच्या जागी राणी होणाऱ्या, मंडळातल्या फेर्नांदाच्या मुलीच्या मापाचा करून दिला. ओरासियोला तिनं स्वयंपाकघरात उभं राहून, त्याच्याकडे पाठ करून सांगितलं. तो जेवत होता. चमचा ताटलीत ठेवल्याचा आवाज आला. आणि इल्दाची बॅग भरून तिला न्यू बेडफर्डला नणंदेकडे, झेलियाकडे पाठवून दिलं. शाळेचं वर्ष बुडालं तर बुडू दे. बाळ झालं की ते चर्चच्या ओळखीनं कुणाला तरी देता येईल, हेही तिनं मनात ठरवून टाकलं होतं. आपण तेव्हा रडलो होतो का, हे देओलिंदाला आठवेना. झगा उसवताना हात थरथरले नव्हते, हे आठवलं.

संध्याकाळी तिनं इल्दाला उलटा फोन लावला. "डॉक्टरीणबाईंकडे कधी जायचंय?" "गुरुवारी. का?" "मी येते." "गरज नाही, आई. नुसतं बोलायचंय, ऑपरेशनचं ठरवायचंय." "तरी येते." इल्दा म्हणाली, "तुला आठवत तर काही नाही." तिच्या आवाजात टोमणा नव्हता. कोर्टात उभं राहून दुसऱ्यांची वाक्यं उचलून देणाऱ्या माणसाचा आवाज होता तो, आपलं काही न घालणारा. देओलिंदा म्हणाली, "अकराची बस धरते."

बसमध्ये तिनं ठरवलं होतं की कंबरेचं माप तेवढं सांगायचं. पुढचं कुणी विचारणार नाही. पूल ओलांडताना खाली नदीचं पाणी करडं, न हलणारं दिसत होतं, आणि तिला वाटलं की आपण माप सांगू, डॉक्टरीण ते लिहून घेईल, इल्दा म्हणेल बघ आठवलं ना, आणि झालं. डॉक्टरीण हॅलोरन आडनावाची, पन्नाशीची, आखूड केसांची, हसऱ्या डोळ्यांची बाई होती. देओलिंदाला फॅक्टरीतलं इंग्रजी येत होतं. कोट, बटण, घाई करा, पगार कधी, इतपत. पोटाच्या आतलं इंग्रजी तिला येत नव्हतं. म्हणून इल्दा दोघींच्या मधल्या खुर्चीवर बसली आणि डॉक्टरीण बोलू लागली तशी ती आपल्या भाषेत सांगू लागली. ते पोट तिचं स्वतःचं नसावं तशी.

डॉक्टरिणीनं कागद ओढला आणि पेन्सिलीनं चित्र काढलं. "रक्ताच्या नळ्या असतात तशा आपल्या अंगात आणखी एका जातीच्या बारीक नळ्या असतात. त्यांच्यात रक्त नसतं, पाण्यासारखा रस असतो. त्याला लसिका म्हणतात. अंगात जिकडेतिकडे झिरपलेलं पाणी गोळा करायचं आणि पुन्हा रक्तात नेऊन सोडायचं, हे त्यांचं काम. मूल आईच्या पोटात असतानाच हे जाळं विणलं जातं. क्वचित एखाद्या बाळात त्यातल्या काही नळ्या मोठ्या वाटेला जोडल्याच जात नाहीत. रस आत येत राहतो, बाहेर जायला वाट नसते. मग त्यांच्या पिशव्या होतात, एकीला एक लागून, द्राक्षांच्या घडासारख्या. तुमच्या मुलीच्या आतड्याला धरून असलेल्या पडद्यात तसा घड आहे. तो कॅन्सर नाही, कॅन्सर होतही नाही, दुसरीकडे पसरत नाही. फक्त जागा घेतो. बहुतेकांचा लहानपणीच सापडतो. काहींचा चाळीस-चाळीस वर्षं सापडत नाही." इल्दा हे सगळं सांगत होती. द्राक्षांचा घड हा शब्द तिनं उच्चारला तेव्हा देओलिंदाला ओरासियोनं मागच्या अंगणात लावलेला वेल आठवला, आणि त्याच्या खाली तो एकटाच खुर्ची टाकून बसायचा ते. तिनं विचारलं, "मी आठव्या महिन्यापर्यंत मशीनवर बसत होते. पॅडल मारत होते. त्यानं झालं का हे?" इल्दानं एकदा आईकडे पाहिलं आणि प्रश्न इंग्रजीत केला. डॉक्टरीण पुढे झुकली आणि देओलिंदाच्या हातावर हात ठेवून थेट तिलाच म्हणाली, "नाही. यात कुणाचीही चूक नाही. तुमची तर नाहीच." हे इंग्रजी देओलिंदाला कळलं. इल्दानं तरीही ते आपल्या भाषेत सांगितलं, नेमानं. "यात कुणाचीही चूक नाही. तुमची तर नाहीच." ज्याची माफी तिला नको होती त्याचीच मिळाली, आणि त्या उबदार हाताखाली आपला हात दगडासारखा पडलाय असं तिला वाटलं.

मग डॉक्टरिणीनं विचारलं, "यापूर्वी कधी पोट अचानक फुगलं होतं का? इल्दाला एक दुखणं आठवतंय, सोळाव्या वर्षीचं. पण तुम्हाला आठवत नाही असं ती म्हणाली." देओलिंदा म्हणाली, "एकोणतीस इंच होतं. दीड महिना आधी पंचवीस होतं." इल्दा सरळ बसली आणि इंग्रजीत म्हणाली, "एकोणतीस इंच होतं. दीड महिना आधी पंचवीस होतं." डॉक्टरीण खूश झाली, लिहू लागली. "फारच छान. आणि मग? ओसरलं का? ताप वगैरे?" इथं ती थांबू शकली असती. इथं थांबायचं असंच ठरलं होतं. पण मुलीचं ते सरळ बसणं, मांडीवर ठेवलेले दोन हात, वाक्य यायची वाट बघणारा तो चेहरा, त्यात राग नव्हता, अपेक्षाही नव्हती, नुसतं लक्ष होतं. पंचवीस वर्षांत इल्दानं आपलं बोलणं इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं, असं देओलिंदाला वाटून गेलं, आणि ती बोलू लागली. "ताप होता. आठ दिवस. माझ्या नणंदेचा फोन आला होता, पोरीच्या अंगाला हात लावता येत नाही, पोट दगडासारखं झालंय, ओरडतेय, हिला इस्पितळात नेऊ का, म्हणून." इल्दा म्हणाली, "ताप होता. आठ दिवस. माझ्या नणंदेचा फोन आला होता." एकही शब्द गळला नाही. कोर्टात असंच असतं म्हणे, दुभाष्यानं 'ती म्हणते' असं म्हणायचं नाही, 'मी' म्हणायचं. खुन्याचं सांगायचं असलं तरी 'मी'. डॉक्टरिणीची पेन्सिल थांबली होती. "नेलं का मग इस्पितळात?" "नाही," देओलिंदा म्हणाली. "मी नको म्हणाले." "नाही," इल्दा म्हणाली. "मी नको म्हणाले." "का?" खोलीत कुठेतरी पंखा घरघरत होता. देओलिंदा त्या चित्राकडे बघत म्हणाली, "मला वाटलं होतं तिला दिवस गेलेत. आणि ताप आला तेव्हा मला वाटलं की मूल पडतंय. किंवा तिनंच काहीतरी केलंय. इस्पितळात नेलं तर सगळ्यांना कळेल. मी म्हणाले, ओसरेल आपोआप, राहू दे. फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं." हे शेवटचं वाक्य बोलायची काही गरज नव्हती. ते आपोआप आलं. इल्दानं शेवटचं सोडून सगळी वाक्यं सांगितली. मग तिनं शेवटचंही सांगितलं, "फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं." डॉक्टरीण कुणाकडेच न बघता हळू आवाजात म्हणाली, "गाठीत रक्त साचलं असेल, किंवा पू झाला असेल. मग तो ओसरला. यातून वाचली ही, नशीब म्हणायचं." हे मात्र इल्दानं आपल्या भाषेत केलं नाही.

बाहेर लांब, चकचकीत बोळ होता. त्याच्या शेवटी पाण्याचं यंत्र होतं, तिथं इल्दा पाठमोरी उभी राहून कागदी पेल्यातून पाणी पीत होती. देओलिंदा जवळ जाऊन उभी राहिली. "मला वाटायचं," इल्दा न वळता म्हणाली, "मला वाटायचं, मी घरी परत आले, पोट सपाट होतं, तेव्हा तुला कळलं असणार की मी खरं बोलत होते. तुला लाज वाटत असेल म्हणून तू बोलत नाहीस. इतकी वर्षं मी असंच धरून चालले होते. हिला लाज वाटतेय, तर राहू दे." तिनं पेला चुरगळला. "तू तर उलट, मी ते पाडून आले असंच धरलंस." इल्दा वळली. "बाबांनासुद्धा तसंच वाटलं होतं?" "त्याला मी सांगितलं." "दोन्ही? दिवस गेले तेही, आणि मी पाडलं तेही?" "दोन्ही." "दुसरं कधी?" "तू परत आलीस त्या संध्याकाळी." इल्दानं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. कारण त्याच संध्याकाळी ओरासियो ताटली उचलून मागच्या पायरीवर जाऊन जेवला होता, आणि पुढे तेरा वर्षं, मरेपर्यंत, मुलगी टेबलाशी असली की तो तिथं बसला नाही. तो ओरडला नाही, मारलं नाही, एक वाईट शब्द बोलला नाही. इल्दा अठराव्या वर्षी घर सोडून गेली तेव्हा त्यानं तिची पेटी जिन्यावरून खाली नेऊन दिली, गाडीत ठेवली, आणि वर आला. शेवटच्या दिवसांत, फुप्फुसं गेली होती तेव्हा, इल्दा रोज येऊन बसायची. एकदा त्यानं तिचा हात धरला आणि म्हणाला, "मी तुझ्यासाठी रोज प्रार्थना केली." इल्दाला वाटलं, माया. देओलिंदा दारात उभी होती. तिला माहीत होतं तो कशासाठी प्रार्थना करत होता, मुलीनं पाडलं असं तो समजत होता त्या बाळाच्या आत्म्यासाठी. तेव्हाही ती आपल्या मनातली शंका बोलू शकली असती. त्याला ऐकू येत होतं. आणखी नऊ दिवस त्याला ऐकू येत होतं.

"तो गेला म्हणजे हे मनात घेऊन गेला," इल्दा म्हणाली. "हो," देओलिंदा म्हणाली. इल्दानं तोंड धुतलं, रुमालानं टिपलं, आणि म्हणाली, "तुझी बस दीडची आहे ना? चल, स्टॉपपर्यंत येते." रस्ता ओलांडताना तिनं आईचं कोपर धरलं, कारण गाड्या जोरात येत होत्या.

ऑपरेशन नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात झालं. इल्दानं कळवलं नसतं तर देओलिंदाला कळलंही नसतं, पण तिनं कळवलं. वार, वेळ, मजला, एवढंच. चार तास लागले. घडाबरोबर हातभर आतडंही काढावं लागलं. पिशव्यांमधून दोन लिटरच्या वर पिवळसर पाणी निघालं. चार दिवसांनी प्रयोगशाळेचा कागद आला, त्यातही तेच, साधी गाठ, लसिकेच्या नळ्यांची, घाबरण्यासारखं काही नाही. तेवढं एक मागे राहिलं, की जिथून घड सोडवून काढला तिथून अजून थोडा थोडा रस गळत होता, म्हणून कुशीतून एक बारीक नळी बाहेर काढून तिच्या टोकाला हाताच्या मुठीएवढा प्लॅस्टिकचा फुगा लावला होता. गळणारं त्यात साचायचं. ते रोज मापाच्या पेल्यात ओतून, किती भरलं ते लिहून ठेवायचं. तीस मिलिलिटरच्या खाली आलं की नळी काढता येईल. तोवर तूप, लोणी, तेलकट काही नाही, कारण त्यानं रस वाढतो. हे घरी करायला कुणी आहे का, असं नर्सनं विचारलं तेव्हा इल्दा छताकडे बघत होती. देओलिंदा म्हणाली, "मी आहे." इल्दा नको म्हणाली नाही.

मग रोज सकाळी नऊची बस. इल्दाचं घर दोन खोल्यांचं, पुस्तकांनी भरलेलं, स्वच्छ. त्यात आईनं यापूर्वी दोनदा पाऊल टाकलं होतं. पहिल्या दिवशी इल्दा पलंगावर आडवी झाली, सदरा वर केला, आणि भिंतीकडे तोंड केलं. देओलिंदानं आपल्या मुलीचं पोट ती सहा-सात वर्षांची होती तेव्हापासून पाहिलं नव्हतं. त्या दुपारीसुद्धा तिनं टेप लावला होता तो आतल्या कपड्यावरून. हात लावून बघितलं नव्हतं. लावला असता तर? फॅक्टरीत बायका एकमेकींच्या पोटाला हात लावून सांगायच्या. भरलेलं पोट कसं लागतं आणि पाण्याचं कसं, हे तिच्या हाताला कळलं असतं, किंवा नसतंही कळलं. पण पोर ओरडली असती, दुखतंय म्हणाली असती, आणि आईचा हात पोटावर असताना ते खोटं वाटलं नसतं. बेंबीच्या वरपासून खालपर्यंत काळ्या टाक्यांची ओळ होती. तिनं नळीचं बूच काढलं, रस पेल्यात ओतला. फिकट, ताकाच्या निवळीसारखा. "एकशे ऐंशी," ती म्हणाली. इल्दानं उशाखालची वही काढून लिहिलं.

एकशे साठ. एकशे दहा. एकशे वीस. नव्वद. त्या दिवसांत त्या दोघी फारसं बोलल्या असं नाही. देओलिंदा केल नावाच्या हिरव्या पाल्याचं सार करायची, सॉसेजशिवाय, तेलाशिवाय, आणि इल्दा म्हणायची, "गवत उकडल्यासारखं लागतं," आणि सगळं संपवायची. एकदा तिनं विचारलं, "फेर्नांदाच्या मुलीला तो झगा झाला का गं नीट?" देओलिंदा म्हणाली, "खांद्यात सैल झाला." इल्दा म्हणाली, "बरं झालं," आणि तिच्या ओठाच्या कडेला किंचित काही हललं. एकदा देओलिंदा माफीचं काही बोलायला गेली. सुरुवातच झाली होती, "मी तेव्हा..." तेवढ्यात इल्दा म्हणाली, "आई, नको. मला टाके आहेत. हसायचं नाही, रडायचं नाही, खोकायचं नाही असं सांगितलंय." मग देओलिंदा भांडी घासू लागली. बसमधून परत जाताना तिला वाटायचं, आपण सोळा वर्षांच्या पोरीची जी शुश्रूषा केली नाही ती आता एक्केचाळीस वर्षांच्या बाईची करतोय, आणि ती बाई ते करू देतेय, पण सोळा वर्षांची ती पोर तिकडे न्यू बेडफर्डच्या खोलीत तशीच पडली आहे, तिच्यापर्यंत यातलं काही पोचत नाही. झेलिया गेल्या वर्षी वारली होती. ती त्या फोननंतर भावजयीशी कामापुरतंच बोलायची. का, ते देओलिंदानं कधी विचारलं नाही.

पंच्याहत्तर. साठ. चव्वेचाळीस. आकडा उतरू लागला तसं देओलिंदाला सकाळी बसमध्ये कसंतरीच वाटू लागलं. पहिल्यांदा तिला ते कळेना. मग तेराव्या दिवशी, पेला उजेडात धरून, त्याच्यावरच्या रेघेशी डोळे आणून बघताना तिला कळलं. पेल्यात पंचवीस होतं. पंचवीस म्हणजे उद्या नळी निघणार. परवापासून नऊच्या बसला काही कारण नाही. इल्दा आतल्या खोलीत होती, तिला इथलं दिसत नव्हतं. पस्तीस म्हटलं तर आणखी एक दिवस, फार तर दोन. त्यानं काय बिघडणार होतं? नळी दोन दिवस जास्त राहील, एवढंच. तिच्या तोंडाशी आकडा तयार होता. आणि मग तिला आतून शिसारी आली, की ही मुलगी लवकर बरी होऊ नये असं आपल्याला वाटतंय. तेव्हा ताप ऐकून सुटल्यासारखं वाटलं होतं, आता बरं होणं नकोसं वाटतंय. आपलं मन असं कसं आहे? हे असंच होतं का पहिल्यापासून? तिनं दाराशी जाऊन म्हटलं, "पंचवीस."

"नक्की?" "नक्की." इल्दानं वहीत लिहिलं, फोन उचलला, इस्पितळात कळवलं. बोलणं झाल्यावर म्हणाली, "उद्या अकराला बोलावलंय. मी टॅक्सीनं जाईन. तू यायची तशी गरज नाही." देओलिंदानं पेला साबणानं धुतला, पुसला, फळीवर उपडा ठेवला. गॅसवर सार होतं ते झाकलं. "दोन दिवस पुरेल," ती म्हणाली. "आता थोडं तेल चालेल म्हणाले असतील तर घाल." "विचारते." "बरं." कोट घालताना बाही सापडेना तेव्हा इल्दानं पलंगावरूनच हात पुढे केला, पण अंतर फार होतं, आणि तोवर बाही सापडली.

दुसऱ्या दिवशी ती गेली. वर नाही गेली. इस्पितळाच्या दाराशी, आतल्या बाजूला, एका कुंडीशेजारी बाक होता, त्यावर पर्स मांडीवर घेऊन बसली. साडेअकराला लिफ्टमधून इल्दा बाहेर आली. एक हात अजून पोटाच्या कुशीला होता, सवयीनं, पण चाल मोकळी होती, पाठ सरळ होती. मिरवणुकीत ती अशीच चालली असती. दारापाशी येऊन तिनं काचेतून टॅक्सी आली का बघितलं. तिची नजर आत वळली नाही. दोघींच्या मधे सात-आठ पावलांचं अंतर होतं, हाक मारली असती तर सहज ऐकू गेली असती, आणि ती थांबली असती, आणि कदाचित म्हणालीही असती, चल, तुला स्टॉपवर सोडते. देओलिंदाचे ओठ हलले. मग तिला वाटलं, हिला इथून अशी, कुणी न बघता, कुणी न मापता, आपल्या पायांनी चालत जाऊ दे. टॅक्सी आली. इल्दा हलकेच वाकून आत बसली, दार ओढून घेतलं, आणि गाडी वळून दिसेनाशी झाली तरी देओलिंदा बाकावरून उठली नाही.